देव बघत नसेल, तर रात्री दोनला उठवतं कोण?

अर्धविराम | मूळ लेख | रविवार, रात्री ११:२०

आमच्याकडे एक दोनशेपानी वही आहे. पट्टीनं आखलेले चार रकाने: वेळ, कूस, शेरा, सही. आई पावणेदोन वर्षं अंथरुणाला खिळून आहे, स्मृतिभ्रंश त्याच्याही आधीपासूनचा. तिला स्वतःहून कूस बदलता येत नाही, म्हणून दर दोन तासांनी आपण बदलायची. डावी, पाठ, उजवी, पुन्हा पाठ. चादरीची टोकं धरून सरकवायचं, गुडघ्यांमध्ये एक उशी, पोटऱ्यांखाली एक, टाचा अधांतरी. यात हयगय झाली की कातडी लाल होते आणि पुढे बेडसोर, म्हणजे सतत दाबानं होणारी जखम. एक रात्र ताईची, एक माझी.

ताई श्रद्धाळू, मी नास्तिक. त्यावरची आमची भांडणं कॉलेजातच संपली. पण परवा वही हातात देताना ती सहज म्हणाली, "मी नाही उठले तर वर नोंद होते, मला एवढं पुरतं. तुझं काय? तुला दोनला उठवतं कोण?" मी म्हटलं, गजर. ती हसली, विषय संपला.

माझा नाही संपला. तीन आठवड्यांपूर्वी मी दोनचा गजर बंद करून झोपलो होतो. जाग आली ती चारला. आईला वळवलं तर माकडहाडापाशी अंगठ्याएवढा लाल डाग. बोटानं दाबून सोडलं की तिथली कातडी क्षणभर फिकी पडायला हवी. पडली नाही. मग मी वही उघडली, दोनच्या ओळीत 'उजवी' लिहिलं आणि शेजारी सही केली.

डाग दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत गेला. आई कुणाला सांगू शकत नाही. ताईच्या हिशेबानं वरच्या वहीत खरी नोंद झाली असेल. माझ्या हिशेबानं वरची वहीच नाही, म्हणजे त्या रात्रीची जगात एकच नोंद आहे आणि ती खोटी आहे.

नास्तिक माणूस चांगला असू शकतो का, असं मी विचारत नाहीये. असतो, आपण सगळ्यांनी पाहिलेत. माझा प्रश्न त्याच्या एक पायरी खालचा आहे. कुणी बघत नाही, कधी कुणाला कळणारही नाही, अशा वेळी श्रद्धा नसलेल्यानं धरायचं काय?

गोधडी | रविवार, ११:४१

जागेवर रुमाल टाकून ठेवते, ड्यूटीवर आहे, सविस्तर नंतर लिहिते. तोवर एक: लाल झालेल्या जागी चोळत नाही आहात ना? चोळू नका.

खडूफळा | सोमवार, सकाळी ७:०५

प्रश्न जुना आहे, सुमारे २४०० वर्षांचा तरी. प्लेटोच्या युथिफ्रो नावाच्या संवादात सॉक्रेटिस विचारतो: एखादी गोष्ट देवांना आवडते म्हणून पुण्याची, की पुण्याची आहे म्हणून देवांना आवडते? पहिला पर्याय घेतलात तर उद्या देवाला क्रौर्य आवडलं की क्रौर्य पुण्याचं झालं. दुसरा घेतलात तर पुण्य हे देवाच्या आधीपासूनच तिथे आहे, देव फक्त ते ओळखतो. मग तुम्हीआम्हीही ओळखू शकतो. यातून पळवाटा पुष्कळांनी काढल्या. त्यातली नेहमीची म्हणजे देवाचा स्वभावच चांगला आहे, तो क्रौर्य सांगणारच नाही. पण 'चांगला स्वभाव' म्हणताना चांगलं म्हणजे काय ते आपल्याला आधीच कळलेलं असतं, नाहीतर त्या वाक्याला अर्थच उरत नाही.

जर्मन तत्त्वज्ञ कांट आणखी मजेशीर. तो स्वतः श्रद्धाळू घरातला. त्याचं म्हणणं, नीतीचा नियम बुद्धी स्वतःच स्वतःला घालून देते, त्यासाठी देवाची आज्ञा लागत नाही. शिक्षेच्या भीतीनं किंवा बक्षिसाच्या आशेनं केलेल्या कृतीला तो नैतिक मूल्य द्यायलाच तयार नव्हता. आणि मग तोच कांट म्हणतो की सज्जनाला शेवटी सुख मिळेल ही आशा टिकवायची, तर देव गृहीत धरावा लागतो. म्हणजे पुढच्या दारानं बाहेर काढलं आणि मागच्या दारानं आत घेतलं. (कांटप्रेमींनी दगड हळू मारावेत.)

तुमच्या ताईंची 'वर नोंद होते' ही कांटच्या तराजूत हलकीच भरेल. तुम्ही नुसते कर्तव्य म्हणून उठलात तर भारी.

पापभीरू | सोमवार, ७:५२

खडूफळा सर, तत्त्वज्ञान दिवसाउजेडी ठीक आहे. रात्री दोनला कांट कुणाला उठवत नाही.

मी श्रद्धाळू आहे, आयडीवरून कळलंच असेल. तुम्ही लोक श्रद्धा म्हटलं की लगेच भीतीवर येता. वर कॅमेरा लावलाय आणि खाली माणूस थरथरतोय! मला रोज पहाटे बसताना भीती बिलकुल वाटत नाही. आपण एकटे नाही असं वाटतं, एवढंच. ताई आईची कूस बदलतात तेव्हा त्यांच्या लेखी खोलीत तिघं असतात. थकलेल्या माणसाला हा तिसरा फार उपयोगी पडतो.

आणि धागाकर्त्यांना एक सांगतो, रागवू नका. तुमचा खरा त्रास झोप लागण्याचा नाही. आमच्याकडे अशा चुकीसाठी जागा ठरलेली असते. कबूल करा, प्रायश्चित्त घ्या, क्षमा मागा, उठा. जवळपास प्रत्येक धर्मानं याची काही ना काही सोय केली आहे. तुमच्याकडे ती सोय नाही म्हणून तुम्ही तो एक शब्द आणि ती सही तीन आठवडे उराशी घेऊन फिरताय आणि शेवटी मध्यरात्री अनोळखी लोकांसमोर मांडताय. ही कबुलीच आहे, फक्त देव्हारा बदलला.

अर्धविराम | सोमवार, ८:३०

पापभीरू, रागवलो नाही. शेवटचं वाक्य लागलं मात्र.

पण उलटं विचारतो. तुमच्याकडे कबुली वरच्याला दिली की मोकळं होता येतं. मी चूक केली ती आईशी. वरच्यानं क्षमा केली तर आईचं काय? ती सोय माझ्याकडे असती तर कदाचित तिसऱ्याच दिवशी हलका होऊन दुसऱ्यांदा झोपलो असतो.

पापभीरू | सोमवार, ८:४४

ज्याच्याशी चूक झाली त्याच्याकडे आधी जा, मगच देवाकडे या, असं सांगणाऱ्या परंपरा आहेत. ज्यू परंपरेत तर हे स्पष्टच आहे: माणसाशी केलेल्या अपराधाची क्षमा त्या माणसाला समजावल्याशिवाय मिळत नाही. पण तुमचा मुद्दा मान्य. स्वस्तात मोकळे होणारे आमच्यात ढिगानं आहेत.

टिकोजीराव | सोमवार, १०:१५

धर्माच्या नावानं जेवढी माणसं मारली गेली तेवढी... नेहमीचं पुढचं तुम्हीच भरा. धर्म आणि नीती यांचा संबंध हा शतकातला सगळ्यात मोठा विनोद आहे.

काळाकोट | सोमवार, १०:२२

आणि नास्तिक स्टालिन? हा हिशेब याआधी पन्नास धाग्यांवर मांडून झालाय, दोन्ही बाजूंना प्रेतं पुरून उरतात. इथे एक माणूस स्वतःच्या एका सहीबद्दल बोलतोय. तिथेच राहू या का?

टिकोजीराव | सोमवार, १०:३१

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

काळाकोट | सोमवार, दुपारी १:१०

सहीवरून आठवलं. आमच्या वकिलीच्या धंद्यात या प्रश्नाचं एक फार ठोस रूप आहे: शपथ.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक हा सहिष्णुतेचा मोठा पुरस्कर्ता. पण १६८९ साली छापलेल्या त्याच्या सहिष्णुतेवरच्या पत्रात नास्तिकांना वगळलंय. कारण काय, तर वचन, करार, शपथ ही माणसांना बांधणारी बंधनं नास्तिकाला बांधू शकत नाहीत. त्याच्या सात वर्षं आधी, १६८२ मध्ये, पिएर बेल नावाच्या फ्रेंच विचारवंतानं बरोबर उलटं लिहिलं होतं: नास्तिकांचा समाजही सुरळीत चालू शकेल, कारण माणसं आपल्या मतांप्रमाणे वागतच नाहीत. ती स्वभाव, सवयी आणि लोक काय म्हणतील याप्रमाणे वागतात. मला बेल जास्त पटतो. कोर्टात धर्मग्रंथावर हात ठेवून सफाईदार खोटं बोलणारे ज्यानं पाहिलेत, त्याला पटेलच.

लॉकची शंका पुढे दोनशे वर्षं कायद्यात घर करून होती. चार्ल्स ब्रॅडलॉ हा उघड नास्तिक १८८० मध्ये ब्रिटिश संसदेवर निवडून आला. ईश्वरसाक्ष शपथेऐवजी साधी प्रतिज्ञा करतो म्हणाला, परवानगी मिळाली नाही. बरं, शपथ घेतो म्हणाला, तर 'तुझा देवावर विश्वास नाही, तुझ्या शपथेला अर्थ नाही' म्हणून तीही घेऊ देईनात. मतदारसंघ त्याला पुन्हा पुन्हा निवडून देत राहिला, सभागृह बाहेर काढत राहिलं. १८८६ मध्ये एकदाचा बसला आणि १८८८ चा शपथांचा कायदा त्याच्याच खटपटीनं झाला.

गंमत बघा. तो खरोखरच वचनाला न बांधलेला माणूस असता, तर पहिल्याच दिवशी गुपचूप शपथ घेऊन जागेवर जाऊन बसला असता. कुणाला कळणार होतं? त्याचा सहा वर्षांचा झगडा सुरू झाला तो पहिल्या दिवशी खोटं बोलायचं नव्हतं म्हणूनच.

आकडेमोड | सोमवार, संध्याकाळी ६:४०

+१ बेलला. त्याच्या बाजूनं एक प्रयोग आहे, थोडा विस्तारानं सांगतो कारण तो धाग्याशी अगदी जुळतो.

१९७३ मध्ये डार्ली आणि बॅट्सन यांनी प्रिन्स्टनमधले धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेणारे ४० विद्यार्थी घेतले. शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचं. काहींना विषय दिला बायबलमधल्या परोपकारी शोमरोन्याची गोष्ट, म्हणजे वाटेवर पडलेल्याला उचलणाऱ्याची. आणि वाटेत एक माणूस मुद्दाम बसवला, दारात वाकलेला, खोकणारा, कण्हणारा. 'अजून वेळ आहे' असं सांगितलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले. 'उशीर झालाय, पळा' असं सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्के. भाषणाचा विषय तीच गोष्ट असण्यानं लक्षणीय फरक पडला नाही. काही जण परोपकारावर बोलायच्या घाईत त्या माणसाला अक्षरशः ओलांडून गेले.

यातून 'धर्म निरुपयोगी' असं काढू नका. घाई एवढी ताकदवान आहे, असं काढा. झोपेचंही तेच. तुमच्या हातून चूक झाली त्या रात्री तुम्ही नास्तिक होता म्हणून नव्हे, दमलेले होता म्हणून. ताईही दमतात.

'बघणारा' काम करतो का? २००६ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठात एका सामायिक खोलीत, जिथे पेयाचे पैसे आपणहून डब्यात टाकायचे, तिथल्या दरांच्या सूचनेवर एका आठवड्याला डोळ्यांचं चित्र आणि दुसऱ्या आठवड्याला फुलांचं चित्र लावून पाहिलं. डोळ्यांच्या आठवड्यांत जवळजवळ तिप्पट पैसे जमले. नंतरच्या अभ्यासांत परिणाम इतका ठसठशीत दिसला नाही, त्यामुळे यावर फार इमले बांधू नका. पण समजा खरा असला, तरी कागदावरचे डोळे देवाचं अर्धं काम करून जातात. श्रद्धाळूंना हे आवडेल की नाही माहीत नाही.

आणि हे दोन्ही बाजूंसाठी. अमेरिकेतल्या प्यू या सर्वेक्षण संस्थेनं २०१९ मध्ये ३४ देशांत विचारलं, नीतीनं वागायला देवावर श्रद्धा लागते का? मध्यक ४५ टक्के 'हो'. इंडोनेशिया, फिलिपिन्समध्ये ९६, स्वीडनमध्ये ९. एवढी दरी! दोन वर्षं आधी १३ देशांतल्या तीन हजारांहून अधिक लोकांवरचा अभ्यास आला होता: क्रूर गुन्हेगाराचं वर्णन वाचलं की 'हा नास्तिक असेल' असं लोकांना सहज वाटतं. नास्तिक वाचकांनाही वाटतं! धागाकर्ते, तुमच्या मनातल्या फिर्यादीला वकील कुणी दिलाय ते बघा एकदा.

पापभीरू | सोमवार, ७:०२

आमचे देव म्हणजे कागदावरचे डोळे? चला, निदान फुलांपेक्षा बरे. :)

गोधडी | मंगळवार, सकाळी ९:२५

आले. लांब लिहिणार आहे.

आधी भाषेतलं. प्रामाणिक माणसाला आपण 'पापभीरू' म्हणतो (नमस्कार, दादा). फार चांगल्या माणसाला 'देवमाणूस' म्हणतो. म्हणजे भाषेनं देवाच्या बाजूनं कौल दिलाय असं वाटतं. पण याच भाषेत आगरकरांना 'देव न मानणारा देवमाणूस' म्हटलं गेलं आणि कुणालाही त्यात व्याकरणाची चूक दिसली नाही. 'शेजारधर्म' पाळायला शेजाऱ्यानं कुठला देव मानायचा हे कुणी विचारत नाही. तिथे धर्म म्हणजे ज्याचं त्याला देणं. बौद्ध आणि जैन परंपरांनी तर जग निर्माण करणारा ईश्वर बाजूला ठेवून अडीच हजार वर्षं नीतीची कडक शिस्त सांभाळली. तेव्हा 'धर्म लागतो का' आणि 'देव लागतो का' हे दोन प्रश्न आहेत. या धाग्यावर ते पहिल्यापासून एकाच भांड्यात शिजतायत.

आणि ओरडताना आपण काय म्हणतो? 'जनाची नाही, तर मनाची तरी ठेव.' लाज हो. जनाची आणि मनाची, दोनच. तिसरी, वरच्याची, या म्हणीत घालायचं कुणाला सुचलं नाही. मला ही म्हण मोठी शहाणी वाटते. तिला माहीत आहे की मन एकटं पुरं पडतंच असं नाही, म्हणून जन पहिला. आणि जन नेहमी हजर नसतो, म्हणून मन.

आता धंद्यातलं. सत्तावीस वर्षं नर्सिंग करतेय. अर्धविराम, तुमची ती सही मी शेकडो वेळा पाहिली आहे. कूस बदलली नाही आणि तक्त्यावर लिहिलं. देवभोळ्या मुलींनी लिहिलंय, न मानणाऱ्यांनी लिहिलंय. सुरुवातीला मी वॉर्डात नीतीची भाषणं द्यायची. काही उपयोग झाला नाही. मग आमच्या एका जुन्या सिस्टरनी एकच गोष्ट सुरू केली. ड्यूटी बदलताना ताबा टेबलापाशी बसून द्यायचा नाही. जाणारी आणि येणारी, दोघींनी मिळून पेशंटपाशी जायचं, वळवायचं आणि पाठ बघायची. दोघींनी. बास.

पहिल्या महिन्यात 'हा डाग माझ्या वेळचा' असं सांगणाऱ्या मुली निघाल्या. लिहिताना खोटं जमायचं. उघड्या पाठीसमोर उभं राहून, ज्या मुलीला पुढचे आठ तास तीच पाठ सांभाळायची आहे तिच्याकडे बघून, ते जमेना. कुणी शिक्षा करत नव्हतं. खरं सांगितलं की समोरची फक्त म्हणायची, बरं, मग आता डाव्या कुशीवर ठेवू.

माझं मत विचाराल तर श्रद्धा हा आधार आहे, खरा आहे, पण तो एकमेव नाही आणि बिनचूक तर नाहीच. न मानणाऱ्यांची चूक वेगळी होते. त्यांना वाटतं, देव काढला की त्या जागी आपली विवेकबुद्धी आपोआप येऊन बसते. ती येत नाही. जागा रिकामी राहते. तिथे काहीतरी बांधावं लागतं, सवय म्हणा, दुसरा माणूस म्हणा, नाहीतर ती उघडी पाठ. तुम्ही दोघं वही हातात देता. त्याऐवजी दोघं मिळून आई बघा.

खडूफळा | मंगळवार, ९:५८

दंडवत. कांट मागे घेतो. (पूर्ण नाही. पण घेतो.)

एकच तळटीप: कांटला विचारलंत तर तो म्हणेल, दुसऱ्याच्या नजरेमुळे खरं बोलणं ही नीती नव्हे, सोय आहे.

गोधडी | मंगळवार, १०:०३

कांटला एक रात्रपाळी लावा.

अर्धविराम | गुरुवार, रात्री १:३५

दोन दिवस आलो नाही. आजची रात्र माझी.

मंगळवारी संध्याकाळी ताईला म्हटलं, जरा आत ये, वळवताना दोघं बघू. आईला कुशीवर घेतलं, पाठ स्वच्छ होती. ताईचा हात आईच्या खांद्यावर होता, माझा कमरेवर. तसंच उभं राहून सांगितलं. तारीख सांगितली, दोन ते चार सांगितलं, वहीतलं 'उजवी' सांगितलं.

मला वाटलं होतं ती देवावर येईल, किंवा रडेल, किंवा 'तरी मी म्हणत होते' म्हणेल. ती थोडा वेळ आईच्या पाठीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "गुडघ्यांमध्ये उशी होती का त्या वेळी?"

मी म्हटलं, होती.

"मग ठीक. आता सोड, हळू."

नंतर तिनं वही काढली, तीन आठवडे मागची पानं उलटली, ती ओळ शोधली आणि पेन माझ्याकडे दिलं. मी 'उजवी'वर एक आडवी रेघ मारून शेजारी लिहिलं: 'बदलली नाही. ४ ला बदलली. लाली होती.' तिनं सहीखाली स्वतःचीही सही केली. का केली ते मी विचारलं नाही.

पापभीरू, ताईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. 'खोलीत तिघं' तिला फार आवडलं. म्हणाली, त्या दादांना सांग, आई धरून चौघं.

गोधडी | गुरुवार, १:४८

ताईंना माझा नमस्कार सांगा. लाली परत दिसली आणि वळवल्यावर अर्ध्या-पाऊण तासात गेली नाही, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि रात्रीच्या वेळा किती अंतरानं ठेवायच्या हेही त्यांना एकदा विचारा. चांगल्या हवेच्या गादीवर काही पेशंटना थोडं जास्त अंतर चालतं. तुम्हा दोघांनाही झोप हवी.

अर्धविराम | गुरुवार, १:५२

विचारतो. गजर व्हायला आठ मिनिटं आहेत, पण जागा आहे तर वळवूनच घेतो.